दीपाला पसंत कुणी करायचं? ‘रंग माझा वेगळा’चा प्रकरण अभ्यास

स्टार प्रवाहवर ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘रंग माझा वेगळा’ सुरू झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. जवळपास चार वर्षं महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत रोज संध्याकाळी एकाच मुलीची काळजी केली गेली. दीपा तिचं नाव. रंगाने काळी, स्वभावाने सोन्यासारखी. तिचं लग्न होईल का, झालं तर टिकेल का, मोडलं तर पुन्हा जुळेल का, यातच चार वर्षं गेली.

हे प्रकरण मी अभ्यासाला घेतलं, कारण लग्नाचा दबाव आणि बाईची स्वतःच्या नजरेतली किंमत या दोन गोष्टी इथे एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की एकीला हात लावला तर दुसरी हलते. मालिकेचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. रंगावरून मुलींना जे ऐकावं लागतं ते तिने घरातल्या सगळ्यांसमोर मांडलं. पण बाई किती मोलाची हे ठरवण्याचा हक्क तिने शेवटपर्यंत नवऱ्याकडे आणि सासरकडेच ठेवला. माझा सगळा आक्षेप एवढ्याच एका जागेवर आहे.

गोष्ट काय होती

दीपाला सावत्र आई आहे आणि श्वेता नावाची गोरी सावत्र बहीण आहे. वडिलांचा तिच्यावर जीव आहे, पण घरात त्यांचं फारसं चालत नाही. कार्तिक इनामदार हा देखणा, श्रीमंत घरातला डॉक्टर. त्याची आई सौंदर्या हिला काळ्या रंगाचा मनापासून तिटकारा. कार्तिक दीपाच्या स्वभावावर भाळतो आणि आईच्या मनाविरुद्ध तिच्याशी लग्न करतो. श्वेताही त्याच घरात धाकटी सून होऊन येते. पुढे, आपण बाप होऊच शकत नाही असं कार्तिकच्या मनात भरवलं जातं, आणि दीपाला दिवस गेल्यावर तो तिच्या चारित्र्यावर संशय घेतो. दीपा घर सोडते. तिला जुळ्या मुली होतात, दीपिका आणि कार्तिकी. एक तिच्याजवळ वाढते, दुसरी इनामदारांच्या घरात बापाच्या अंगाखांद्यावर. तिथून पुढे कितीतरी भाग या चौघांची गाठ पडण्यात, चुकण्यात आणि पुन्हा पडण्यात जातात.

ही गोष्ट मुळात मराठी नाही. २०१४ मध्ये एशियानेटवर मल्याळममध्ये ‘करुतमुत्तु’ आली. तिथून ती २०१७ मध्ये तेलुगूत ‘कार्तिक दीपम’, २०१८ मध्ये कन्नडमध्ये ‘मुद्दुलक्ष्मी’, २०१९ मध्ये तमिळमध्ये ‘भारती कण्णम्मा’ आणि त्याच वर्षी मराठीत आली. २०२० मध्ये हिंदीतही ‘कार्तिक पूर्णिमा’ या नावाने येऊन गेली, ती मात्र फार टिकली नाही. सगळ्या वाहिन्या एकाच समूहाच्या, त्यामुळे चाललेली गोष्ट पुढच्या भाषेत नेणं हा व्यवसायाचा भाग झाला. तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. केरळातून निघून कोल्हापूरपर्यंत येताना नावं बदलली, साड्या बदलल्या, सण बदलले. काळ्या मुलीच्या लग्नाची धास्ती मात्र कुठेच बदलावी लागली नाही. प्रत्येक राज्यात ती आधीपासून घरात होतीच.

ज्या घरांत ती पाहिली गेली

मराठी घरात मुलीचा बायोडाटा तयार होतो तेव्हा जन्मवेळ, रास, नाडी, गण यांच्या खाली ‘वर्ण’ असा एक रकाना असतो. त्यात ‘गोरा’ लिहितात, ‘गव्हाळ’ लिहितात, ‘निमगोरा’ लिहितात. ‘काळा’ असं लिहिलेला बायोडाटा मी आजवर पाहिलेला नाही. जी मुलगी खरोखर काळी आहे तिच्या रकान्यात एक तर ‘सावळा’ येतो, नाहीतर तो रकानाच गुपचूप उडवला जातो.

आमच्या नात्यातल्या एका मुलीचा लग्नासाठी फोटो काढायला गेलो होतो. फोटोवाल्याने पडदा लावला, दोन दिवे लावले, तिला हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितलं. चार-पाच फोटो झाल्यावर तो कॉम्प्युटरवर बसला आणि कुणी काही सांगायच्या आत त्याने तिचा चेहरा उजळ करायला घेतला. मान राहिली, हात राहिले, चेहरा तेवढा दोन पट्ट्या वर गेला. मुलगी म्हणाली, “काका, हात वेगळे दिसतायत.” त्यावर तिची मावशी म्हणाली, “कमरेपासून वरचाच पाठवू, हात कापून टाक.” मावशीच्या बोलण्यात कसलाही दुष्टपणा नव्हता. ती त्या मुलीच्या बाजूनेच होती, तिला फक्त पहिल्या गाळणीतून पार करायचं होतं. मुलगी मात्र त्यानंतर काही बोलली नाही. आपला हात आपल्याच फोटोत चालत नाही, हे तिला मायेच्या माणसाकडून कळलं.

लग्नाचा दबाव असा येतो. दरवेळी कुणी आरडाओरडा करत नाही. पंचविशी ओलांडली की लग्नकार्यात “आता तुझा नंबर” सुरू होतं, सत्तावीस-अठ्ठावीसला “फार चिकित्सा करू नये” येतं, आणि तिशी आली की आई रात्री उशिरा पलंगावर येऊन बसते आणि म्हणते, “आम्ही कायम पुरणार आहोत का?” काळ्या मुलीच्या बाबतीत या सगळ्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते. तिने स्थळ नाकारायचं नसतं. “त्यांनी हो म्हटलंय ना, मग तू कशाला विचार करतेस?” हे वाक्य गोऱ्या मुलीलाही ऐकावं लागतं, पण काळ्या मुलीला ते उपकार म्हणून ऐकवलं जातं.

‘रंग माझा वेगळा’ अशा घरांत लागत होती. त्यामुळे दीपाला डॉक्टर नवरा मिळाला तेव्हा अनेक आयांना मनापासून बरं वाटलं असणार. त्या आनंदाला मी हसणार नाही. ज्या मुलीने लहानपणापासून “उन्हात जाऊ नकोस”, “हा रंग तुला उठून दिसत नाही” हेच ऐकलं, तिच्यासाठी रोजच्या मालिकेची नायिका काळी असणं ही मोठी गोष्ट होती. गोष्टीच्या गाभ्यातही दीपाला गोरी करून प्रश्न मिटवायचा असा बेत नव्हता. २००३ मध्ये सोनीवर आलेल्या ‘जस्सी जैसी कोई नहीं’ची नायिका पुढे चष्मा, दातांच्या तारा आणि जुने कपडे टाकून चकचकीत झाली. दीपाची कथा तिच्या रंगासकट उभी राहिली. सौंदर्या हे पात्रही मला महत्त्वाचं वाटतं. हर्षदा खानविलकर यांनी ते इतक्या ताकदीने उभं केलं की ज्या बाईला दीपाचं तोंड बघवत नव्हतं, तीच पुढे मुलाविरुद्ध सुनेच्या पाठीशी उभी राहते हे पटलं. रंगाचा तिटकारा माणसाच्या मनातून जाऊ शकतो, हे मराठी मालिकेने इतक्या सविस्तर क्वचितच दाखवलं असेल.

भरपाई

मग अडलं कुठे? दीपा काळी आहे, म्हणून ती विलक्षण सहनशील आहे. ती उलटून बोलत नाही, सगळ्यांचं करते, अपमान झाला की एकटीच रडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागते. श्वेता गोरी आहे, म्हणून कारस्थानी आहे. रंग आणि गुण यांची जोडी मालिकेने फक्त उलटी करून ठेवली, तोडली नाही. काळ्या मुलीला प्रेम मिळवायचं असेल तर आधी देवीइतकं चांगलं असावं लागतं, हाच हिशोब त्यातून निघतो. साध्या, थोड्या चिडक्या, थोड्या आळशी, कधीतरी चुकणाऱ्या काळ्या मुलीला कुणी कार्तिक मिळेल का? मालिकेने तो प्रश्न विचारलाच नाही. गोरी मुलगी नुसती असली तरी चालते, काळ्या मुलीला मात्र पसंती कमवावी लागते. हे सत्य मालिकेने दाखवलं, पण दाखवताना ते मान्यही करून टाकलं.

दुसरी जागा जास्त गंभीर आहे. नवऱ्याने चारित्र्यावर संशय घेतला, पोटातलं मूल आपलं नाही म्हणाला, आणि दीपा घराबाहेर पडली. माझ्या मते चार वर्षांतला तिचा सर्वांत स्वाभिमानी क्षण हाच. इथून ती कुठेही जाऊ शकली असती. पण पुढची सगळी कथा एकाच दिशेला तोंड करून उभी राहिली: कार्तिकला सत्य कधी कळणार? तिच्या निष्पापपणाचा निकाल त्याने द्यायचा. तिने वाढवलेली मुलगी, तिने एकटीने ओढलेली वर्षं, तिचे कष्ट, यांतल्या कशालाही स्वतःचं वजन नाही. डीएनए चाचणीचा विषय इतका लांबला की प्रेक्षकच वैतागून विचारू लागले, डॉक्टर असून याला एवढं कळत नाही का? मला मात्र दुसरंच विचारावंसं वाटत होतं. चाचणीने सिद्ध होईपर्यंत ज्याचा बायकोवर विश्वास बसत नाही, त्याच्याकडे तिने परत का जायचं?

मालिकेच्या तुलनेत कायदा दीपाच्या बाजूने जास्त ठामपणे उभा आहे. वैध विवाह चालू असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच, असं १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११२ मानत होतं, आणि २०२४ मध्ये त्याच्या जागी आलेला कायदाही तेच मानतो. नवऱ्याला बायकोपासून दूर असल्याचं दाखवता आलं तरच ते गृहीतक ढळतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे मालिका चालू असतानाच, महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलाची डीएनए चाचणी करण्याचा आदेश रद्द केला. आईबापांच्या भांडणात मुलाच्या जन्माची अशी उठसूट तपासणी करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळाचा समावेश आहे. त्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी जो घटना अहवाल भरतात, त्याच्या छापील नमुन्यात चारित्र्यावर शिंतोडे उडवणं हा एक प्रकार म्हणून दिलेला आहे. त्याच यादीत मुलीची इच्छा नसताना तिला लग्नाला भाग पाडणं आणि तिच्या पसंतीच्या माणसाशी लग्न करू न देणं हेही आहे. घरात ज्याला ‘तिच्या भल्यासाठी’ म्हणतात, त्यातलं बरंच काही त्या कागदावर छळ म्हणून नोंदवता येतं. हे किती आयांना आणि मुलींना माहीत आहे? रोज लाखो बायकांपर्यंत पोचणाऱ्या मालिकेत दीपाच्या तोंडी त्यातलं एखादं वाक्य ठसठशीतपणे आलं असतं, तर त्याचा उपयोग कुणाला ना कुणाला झाला असता.

अर्थात कायद्याचंही सगळं सरळ नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका तरुण विवाहितेने १९९५ मध्ये जीव दिला. नवरा तिच्या काळेपणावरून टोमणे मारायचा, सासरा स्वयंपाकावरून बोलायचा, असा आरोप होता. १९९८ मध्ये सत्र न्यायालयाने नवऱ्याला दोषी धरलं. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. असे टोमणे ही संसारातली भांडणं आहेत, फौजदारी कायद्याला अभिप्रेत असलेल्या क्रौर्याच्या पातळीला ती पोचत नाहीत, असं न्यायालयाला वाटलं. पुराव्याच्या कसोटीवर निकाल कसा लागतो ते मी समजू शकतो. पण रंगावरून रोज बोलणं खाणाऱ्या बाईच्या आत काय मोडत जातं, ते न्यायालयाच्या कागदात मावत नाही. ते दाखवायचं काम कथेचं आहे, आणि दीपाच्या मालिकेकडे त्यासाठी चार वर्षं होती.

मालिकेला दीपा परत का हवी होती

यात लेखकांना दोष देऊन मोकळं होता येणार नाही. रोजची मालिका म्हणजे आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी वीस-बावीस मिनिटांचे. बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात आणि त्यावर पुढच्या आठवड्यांची कथा वाकते. दिवाणखाना, जिना, स्वयंपाकघर, देवघर असा एक सेट उभा केलेला असतो आणि त्या घरातली आठ-दहा पात्रं करारावर असतात. नायिका खरोखर त्या घराला रामराम ठोकून निघून गेली, तर सेट, पात्रं आणि रोजचा ताण तिघंही निकामी होतात. म्हणून ती जाते, पण दोन गल्ल्या पलीकडेच जाते. तिचा अपमान हाच मालिकेचा दाणापाणी असेल, तर तो संपवणं कुणालाच परवडत नाही.

आता जाहिरातींचं बघा. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ पासून बाजारात होती. गोरी झाल्यावर नोकरी मिळणाऱ्या मुलीच्या तिच्या जाहिरातीवर अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रार केली आणि २००३ मध्ये ती जाहिरात मागे घ्यावी लागली. २०१४ मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेने नियम केला की काळ्या रंगाची व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा लग्नात, नोकरीत मागे पडणारी अशी दाखवू नये. जुलै २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानेही त्याच सुमारास, लोकांच्या मागणीनंतर, वर्णानुसार स्थळं निवडण्याची सोय काढून टाकली. म्हणजे तीस सेकंदांच्या जाहिरातीत जे दाखवायला मनाई आहे, तेच दुःख मालिकेत चार वर्षं रोज दाखवलं गेलं. हेतू उलटा होता, हे मान्य. पण रोज रात्री आईशेजारी बसून दीपाचे अपमान बघणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीपर्यंत आधी अपमान पोचतो. हेतू पोचला तर नंतर.

आणि दीपाचा रंगही खरा नव्हता. दीपा साकारणाऱ्या रेश्मा शिंदे गोऱ्या आहेत. भूमिकेसाठी त्यांना चेहऱ्याला, मानेला, हातांना गडद रंग लावला जाई. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, भूमिका त्यांनी जीव ओतून केली. यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. ‘काळ्या मुलीलाही स्थान आहे’ हे सांगणाऱ्या मालिकेत काळ्या मुलीला काम मात्र मिळालं नाही. माझ्या नात्यातल्या त्या मुलीचा चेहरा फोटोत उजळला गेला, रेश्मा शिंदेंचा पडद्यावर काळवंडला गेला, आणि दोन्हीकडे खऱ्या काळ्या चेहऱ्याला कुणीच पुढे येऊ दिलं नाही.

इतर नायिका

दीपा एकटी नाही. २०२० मध्ये कलर्स मराठीवर आलेल्या ‘सुंदरा मनामध्ये भरली’तल्या लतिकाचं लग्न तिच्या जाडेपणामुळे अडतं. २०२१ मध्ये झी मराठीवर ‘येऊ कशी तशी मी नांदायला’ची स्वीटू आली, तीही गुबगुबीत. या भूमिका करणाऱ्या अक्षया नाईक आणि अन्विता फलटणकर दोघी स्वतःच्या शरीरासकट उभ्या राहिल्या, तेवढं तरी दीपाच्या मालिकेपेक्षा प्रामाणिक झालं. पण कथेचा दरवाजा तोच: हिला कोण करून घेणार?

‘माझ्या नवऱ्याची बायको’तली राधिका थोडी निराळी वाटते. २०१६ ते २०२१ एवढी वर्षं ती मालिका चालली. नागपूरकडची, वऱ्हाडी बोलणारी, जिची नवऱ्याला लाज वाटते अशी राधिका घटस्फोट घेते, मसाल्यांचा धंदा काढते आणि तीनशे कोटींची मालकीण होते. त्या आकड्यावर खूप विनोद झाले, पण मला त्यात दुसरंच दिसलं. साध्या पोळीभाजी केंद्रावर, महिना पंधरा हजारांत ताठ मानेने जगणारी राधिका लिहायला लेखकांना धीर झाला नसावा. नवऱ्याने टाकलेली बाई पुन्हा मोलाची ठरवायची तर तीनशे कोटी लागतात, आणि ते पुरले नाहीत म्हणून शेवटी सौमित्रशी लग्नही लागतं. तिने दुसरं लग्न करू नये असं मी म्हणत नाही, जरूर करावं. पण ती एकटीच सुखी आहे, असा शेवट मराठी मालिकेच्या नायिकेला क्वचितच मिळतो.

दीपाच्या गोष्टीत मला हवा होता तो एकच प्रसंग. सगळं सत्य बाहेर आलं आहे, कार्तिक हात जोडून उभा आहे, सौंदर्या सुनेला न्यायला आली आहे. दीपा त्यांना बसवते, चहा करते आणि म्हणते, “मुलींना भेटायला कधीही या. मी येणार नाही.” रागाने नाही, सूड म्हणून नाही, शांतपणे. पुढचे पाच-पन्नास भाग तिने आपल्या घरात, आपल्या कामात, मुलींसोबत काढावेत. कार्तिकने यावं, जावं, हळूहळू माणूस म्हणून सुधारावं. पुढे तिला वाटलं तर तिने परत जावं, नाही वाटलं तर नाही. हे ताणून धरण्याइतकं नाट्य त्यात नक्की आहे. सौंदर्या आणि दीपा या दोघींचं नातं एवढ्या एकाच धाग्यावर वर्षभर चाललं असतं.

मालिका संपल्यावर मार्च २०२४ मध्ये त्याच वाहिनीवर ‘घरोघरी मातीच्या चुली’ सुरू झाली. रेश्मा शिंदे तिथे जानकी झाल्या, स्वतःच्या रंगात, एकत्र कुटुंबाला धरून ठेवणारी सून म्हणून. काम त्यांनी तिथेही चोख केलं. दीपाच्या चार वर्षांनंतर खरोखर सावळ्या किंवा काळ्या रंगाच्या किती मराठी अभिनेत्रींना रात्री आठच्या मालिकेची नायिका म्हणून बोलावलं गेलं, हे वाहिन्यांनी आपली निवड-यादी काढून एकदा बघावं. आणि अशी नायिका आलीच, तर पहिल्या भागात तिला बघायला पाहुणे येऊ नयेत, कांदेपोह्यांचा ट्रे तिच्या हातात नसावा. ती कामावरून घरी येताना दिसावी.